सदिश क्षेत्र रेखाटताना रिकाम्या जागेचा अर्थ कोणी ठरवायचा?

पंचगंगेच्या पूरप्रवाहाचा वेग बाणांनी दाखवणारा नकाशा, म्हणजेच प्रत्येक ठिकाणी आकार आणि दिशा असलेल्या राशीचे ‘सदिश क्षेत्र’, समोर ठेवला, की पाहणाऱ्याची नजर आधी बाणांकडे जाते आणि नंतर बाण नसलेल्या जागेकडे. प्रयाग चिखलीच्या संगमाखाली बाण दाट असतात, जोतिबाच्या डोंगरावर एकही नसतो आणि शिरोळच्या सखल भागात काही ठिकाणी असतात, काही ठिकाणी नसतात. डोंगरावर बाण का नाहीत हे कोणाला सांगावे लागत नाही. शिरोळमधल्या मोकळ्या जागेबद्दल मात्र तीन निरनिराळी विधाने करता येतात: तिथे पाणी पोहोचलेच नाही, तिथे पाणी आहे पण ते साचून उभे आहे, किंवा तिथला आकडाच आपल्याजवळ नाही. यांपैकी पहिले आणि दुसरे विधान यांत एखाद्या कुटुंबाने घर सोडायचे की नाही एवढा फरक आहे. कागदावर मात्र तिन्ही ठिकाणी सारखाच पांढरा रंग दिसतो.

माझे काम संगणकावरच्या प्रतिमानांतून (पूर किंवा वारा गणिताने उभा करणाऱ्या मॉडेलांतून) बाहेर पडणारे आकडे चित्रांत उतरवण्याचे आहे. 2019 आणि 2021 च्या महापुरांनंतर अशा नकाशांना कोल्हापुरात वाचक मिळाला. राजाराम बंधाऱ्याजवळ 39 फुटांना इशारा पातळी आणि 43 फुटांना धोका पातळी असते, हे इथे शाळकरी मुलांनाही पाठ आहे. पाणीपातळी ही अदिश राशी असल्यामुळे एका आकड्यात मावते. वेगाला मात्र आकार आणि दिशा असे दोन पैलू असतात, संगणकात तो पूर्व-पश्चिम आणि उत्तर-दक्षिण अशा दोन घटकांत साठवला जातो आणि त्यामुळे त्याच्यात रिकामेपण शिरण्याच्या वाटाही वाढतात. एक घटक आहे आणि दुसरा नाही, अशी स्थिती अदिश राशीत संभवतच नाही.

सुरुवात कोरड्या जमिनीपासून करू, कारण पूरप्रतिमानांत सर्वांत फसवे रिकामेपण तिथेच असते. उथळ प्रवाहाची समीकरणे सोडवणारे प्रतिमान जमिनीची जाळी पाडून तिच्या प्रत्येक चौकटीसाठी पाण्याची खोली आणि तिथून वाहणारा एकक विसर्ग (दर मीटर रुंदीतून दर सेकंदाला जाणारे पाणी) यांचा हिशेब ठेवते. वेग हवा असेल तर विसर्गाला खोलीने भागावे लागते. कोरड्या चौकटीत दोन्ही शून्य असतात आणि शून्याला शून्याने भागल्यावर नमपाय हे पायथन भाषेतले आकडेमोडीचे साधन ‘नॅन’ देते, म्हणजे ‘संख्या नाही’ अशी खूण. गणिताच्या दृष्टीने हे उत्तर प्रामाणिक आहे, कारण पाणीच नसेल तर पाण्याच्या वेगाला अर्थ नाही. पण पाण्याचा नुसता पातळ थर असला, तर हाच भागाकार अवाच्या सवा वेग दाखवतो. म्हणून बहुतेक प्रतिमानांत खोलीला एक किमान मर्यादा घातलेली असते आणि तिच्याखाली वेग सरळ शून्य लिहिला जातो. गणन स्थिर राहण्यासाठी ही युक्ती योग्यच आहे. तिचा परिणाम मात्र असा होतो, की फाइल आपल्या हातात येते तेव्हा पन्हाळ्याच्या उतारावरचा शून्य आणि रंकाळ्याच्या संथ पाण्यातला शून्य यांत काहीच भेद उरलेला नसतो.

हा भेद वेगाच्या आकड्यांवरून परत मिळवता येत नाही. तो खोलीवरूनच मिळवावा लागतो. खोली एका ठरावीक मर्यादेपेक्षा कमी असेल, समजा पाच सेंटिमीटर, तर ती चौकट कोरडी धरून वेगाचे दोन्ही घटक झाकावेत, म्हणजे ‘वापरू नये’ अशी खूण करून बाजूला ठेवावेत, आणि खोली पुरेशी असेल तर वेग शून्य असला तरी तो ठेवावा. ‘वेग अगदी कमी असलेल्या चौकटी वगळा’ ही सोपी पळवाट अनेक ठिकाणी दिसते आणि ती नेमकी उलटे काम करते. नरसोबाच्या वाडीला कृष्णा चढलेली असते तेव्हा पंचगंगेचे पाणी मागे तुंबते आणि मैलभर पसरलेले, पुरुषभर खोल पाणी जवळजवळ स्थिर उभे असते. वेगाच्या मर्यादेने चाळणी लावली, तर नकाशावरून पुसला जाणारा भाग तोच असतो, ज्याला पुराचा सर्वाधिक काळ फटका बसतो.

आता हे आकडे मॅटप्लॉटलिब या पायथनमधल्या आलेख काढणाऱ्या साधनातल्या क्विव्हर या बाण काढणाऱ्या फंक्शनकडे दिले की काय होते ते पाहू. क्विव्हर दोन्ही घटक तपासते, त्यांतले नॅन आणि अनंत आकडे झाकते आणि एका घटकाची नोंद नसेल तर तो संपूर्ण बाणच गाळते. बाणांच्या रंगासाठी तिसरी राशी दिली असेल, तर तिच्यातला नॅनही बाण गाळण्यास पुरेसा ठरतो. म्हणजे वेग उत्तम मोजलेला आहे, पण रंगासाठी वापरलेल्या खोलीची नोंद नाही, एवढ्या कारणाने बाण नाहीसा होऊ शकतो. मला हे वर्तन चुकीचे वाटत नाही, पण ते माहीत असले पाहिजे. नाहीतर माणूस वेगाच्या आकड्यांत दोष शोधत बसतो आणि दोष भलत्याच राशीत असतो.

शून्य वेगासाठी क्विव्हरची रीत वेगळी आहे. बाणाची लांबी एका किमान मर्यादेपेक्षा कमी भरली, तर बाणाऐवजी एक लहानसा षट्कोनी ठिपका काढला जातो. ही सोय सुंदर आहे, कारण ‘इथे मोजले आणि हालचाल आढळली नाही’ हे विधान चित्रात उमटते, तर झाकलेल्या चौकटीत काहीच उमटत नाही. हवामानाच्या नकाशांतही शांत वाऱ्यासाठी केंद्राच्या वर्तुळाभोवती आणखी एक वर्तुळ काढण्याची पद्धत आहे. जुन्या नकाशाकारांना शून्य आणि अभाव यांतला फरक चांगला कळत होता. आपल्या नकाशातल्या कोरड्या जमिनीवर शून्य भरलेले असेल, तर अर्थातच सगळा जिल्हा ठिपक्यांनी भरून जातो आणि काही जण वैतागून ती किमान लांबीच शून्य करून टाकतात. ठिपके नाहीसे होतात, पण त्यांच्यासोबत रंकाळ्याचेही ठिपके जातात.

ठिपक्यांपेक्षा मोठी गोम बाणांच्या मोजपट्टीत, म्हणजे किती वेगाला किती लांब बाण काढायचा या प्रमाणात, आहे. मोजपट्टी आपण दिली नाही, तर क्विव्हर ती स्वतः ठरवते आणि त्यासाठी झाकलेले सोडून उरलेल्या सदिशांची सरासरी लांबी आणि एकूण बिंदूंच्या संख्येचे वर्गमूळ वापरते. या वाक्यातले दोन तपशील महत्त्वाचे आहेत. पहिला असा, की कोरड्या चौकटींत शून्य भरलेले असतील तर ते सरासरीत धरले जातात. दहांतल्या नऊ चौकटी कोरड्या असतील, तर सरासरी दहाव्या हिश्श्यावर येते आणि नदीतले बाण दहापट लांब होऊन एकमेकांवर आडवेतिडवे पडतात. दुसरा तपशील त्याच्या उलट दिशेने काम करतो. शून्य काढून नॅन ठेवले, तर सरासरी बरोबर येते, पण वर्गमूळ घेताना झाकलेले बिंदूही मोजले जातात. दहा हजार बिंदूंपैकी शंभरच ओले असतील, तर फक्त ते शंभर बिंदू दिल्यावर जेवढे लांब बाण आले असते, त्यांच्या दहाव्या हिश्श्याएवढे खुरटे बाण मिळतात. माहिती तीच, प्रवाह तोच, आणि रिकाम्या जागा कशा लिहिल्या एवढ्यावरून नदी एकदा रौद्र दिसते आणि एकदा मलूल.

म्हणूनच एका स्थिर चित्रासाठी मी झाकलेले बिंदू आधीच गाळून, फक्त वैध बिंदूंचे स्थान आणि घटक क्विव्हरला देणे पसंत करते. चलच्चित्रासाठी मात्र हा मार्ग बंद आहे. चलच्चित्रात बाणांचा संच एकदा तयार होतो आणि पुढच्या प्रत्येक क्षणाला त्याचे घटक बदलले जातात. नव्या घटकांची संख्या मूळ बिंदूंच्या संख्येशी जुळली नाही, तर फंक्शन त्रुटी देऊन थांबते. पूर पसरत जातो तशा ओल्या चौकटी वाढतात, त्यामुळे बिंदू गाळण्याची पद्धत दुसऱ्याच क्षणी मोडते. इथे जाळी पूर्ण ठेवून मास्क, म्हणजे कोणते बिंदू झाकायचे याची नोंद, बदलत राहणे हाच मार्ग उरतो.

आणि मग पहिल्या चित्राचा प्रश्न उभा राहतो. पूर येण्यापूर्वीच्या क्षणी पूरमैदान संपूर्ण कोरडे असते आणि नदीपात्र वगळून फक्त मैदानाचे चित्रण करायचे ठरवले असेल, तर एकही वैध सदिश नसतो. रिकाम्या संचाची सरासरी काढायला सांगितल्यावर नमपाय ‘मीन ऑफ एम्प्टी स्लाइस’ असा इशारा देते आणि उत्तर म्हणून नॅन परत करते. हाच नॅन मोजपट्टी म्हणून साठवला जातो. स्वयंचलित मोजपट्टी पहिल्या रेखाटनात एकदाच ठरते आणि पुढे तीच राहते, म्हणून पुढच्या चित्रांत पाणी कितीही चढले तरी बाण उमटत नाहीत. प्रोग्रॅम शेवटपर्यंत चालतो, फाइल तयार होते, त्रुटी कुठेच नसते आणि चित्रफीत कोरी. इशाऱ्याची ती एक ओळ बाकीच्या शेकडो ओळींत वाहून गेलेली असते. सगळे सदिश शून्य असले तर सरासरीही शून्य येते आणि शून्य मोजपट्टीने भागण्याची पाळी येऊन जवळजवळ हाच प्रकार दुसऱ्या वाटेने घडतो.

यावरचा उपाय साधा आहे आणि तो रिकाम्या डेटापुरता मर्यादितही नाही: मोजपट्टी यंत्राला ठरवू देऊ नये. संपूर्ण कालावधीतला अपेक्षित वेग पाहून, समजा सेकंदाला दोन मीटर, मोजपट्टी आपण द्यावी, चित्राच्या कोपऱ्यात तेवढ्याच वेगाचा नमुनाबाण किल्ली म्हणून ठेवावा आणि रंगांचा किमान-कमाल पल्लाही आधीच बांधून टाकावा. अशी दोन चित्रे शेजारी ठेवली, तर त्यांची तुलना खरी असते. स्वयंचलित मोजपट्टीने काढलेल्या दोन चित्रांतील बाणांची तुलना करणे हे दोन वेगवेगळ्या तराजूंवरचा गूळ नुसत्या काट्याकडे पाहून तोलण्यासारखे आहे.

आतापर्यंत रिकामेपण निदान नॅनच्या रूपात होते. वाऱ्याच्या नोंदींत ते बहुधा वेषांतर करून येते. उणे 999 किंवा 9999 असे आकडे ‘नोंद नाही’ या अर्थाने लिहिण्याची प्रथा जुनी आहे आणि ती संगणकाच्या दृष्टीने पूर्णपणे वैध संख्या आहे. क्विव्हर तिला झाकत नाही. एकच असा आकडा शिरला, तर सरासरी फुगते आणि बाकीचे सगळे बाण ठिपक्यांएवढे होतात; चित्र पाहणाऱ्याला वाटते की आज वारा पडलेला आहे. नेटसीडीएफ (हवामानाचे आकडे साठवण्याचा प्रचलित प्रकार) फाइलमध्ये रिक्त मूल्य, म्हणजे ‘नोंद नाही’ची खूण, कोणते हे फाइलमध्येच लिहिलेले असते आणि ती वाचणारी चांगली सॉफ्टवेअर-साधने ते आपोआप झाकतात. जागा वाचवण्यासाठी आकडे दाबून पूर्णांकांत साठवलेले असतील, तर मात्र रिक्त मूल्याची तुलना, खरा आकडा परत मिळवण्यासाठीचा गुणक लावण्याच्या आधीच्या आकड्याशी करायची असते. गुणक लावून झाल्यावर शोधले, तर ते सापडत नाही आणि एक विचित्र, पण कदाचित पटण्याजोगा वेग तेवढा शिल्लक राहतो.

वाऱ्याच्या दिशेत तर शून्यालाच दोन अर्थ आहेत. हवामानशास्त्रात वारा ज्या दिशेकडून येतो ती त्याची दिशा, आणि ती उत्तरेपासून घड्याळाच्या काट्याप्रमाणे अंशांत मोजतात. उत्तरेकडून येणारा वारा 360 लिहितात आणि शांत वाऱ्याला दिशा शून्य व वेगही शून्य. ज्याने ही प्रथा आखली त्याने शून्य ही जागा हेतुपुरस्सर मोकळी ठेवली होती. पण घटकांवरून दिशा उलट काढताना ही मोकळी जागा आपण भरून टाकतो. दोन्ही घटक शून्य असताना व्यस्त स्पर्शज्या काढणारे, म्हणजे दोन घटकांवरून कोन देणारे, दोन चलांचे फंक्शन त्रुटी देत नाही. ते शून्य कोन देते. पूर्वेपासूनचा गणिती कोन 270 मधून वजा करून दिशा काढण्याच्या प्रचलित सूत्रात त्याचे 270 अंश होतात, म्हणजे पश्चिमेचा वारा. कोल्हापुरात पावसाळ्यात वारा खरोखरच पश्चिम आणि नैर्ऋत्येकडून असतो. त्यामुळे शांत तासांचे सगळे आकडे पश्चिमेच्या खात्यात जमा होतात आणि कोणाला शंका येत नाही, कारण उत्तर अपेक्षेप्रमाणेच असते. दोन्ही घटकांची चिन्हे आधी उलटवून दिशा काढणारे दुसरे सूत्र वापरले, तर संगणक शून्य आणि उणे शून्य वेगळे धरतो या नियमामुळे तोच शांत वारा दक्षिणेचा ठरतो. एकाच नोंदीतून दोन सूत्रे दोन दिशा काढतात, तेव्हा ती दिशा नोंदीत नव्हतीच हे उघड आहे. वेग शून्य असेल तिथे दिशा झाकावी आणि शांत तासांचे प्रमाण वेगळे सांगावे.

काही रिकामेपण आपण स्वतः तयार करतो. जाळी दाट असेल तर बाणांची गर्दी कमी करण्यासाठी दर विसावा बिंदू घेण्याची पद्धत आहे. दहा मीटरच्या जाळीत दर विसावा बिंदू म्हणजे दोन बिंदूंत दोनशे मीटरचे अंतर. नदीचे पात्र त्याहून अरुंद असेल, तर उडी पात्राच्या अलीकडून पलीकडे पडते आणि हजारो ओल्या चौकटी असलेल्या डेटातून जवळजवळ कोरे चित्र बाहेर येते. अशा वेळी बिंदू निवडण्याऐवजी चौकटींचे गट पाडून प्रत्येक गटातल्या वैध सदिशांची सरासरी घ्यावी आणि गटात किमान किती वैध चौकटी हव्यात हेही ठरवावे. सरासरी घटकांची घ्यावी, दिशेच्या अंशांची नव्हे. 350 आणि 10 या दोन दिशांची अंकगणिती सरासरी 180 येते, हे सांगायला नको.

याच्या उलट, नसलेले बाण निर्माण करण्याची सोयही हाताशी आहे. विखुरलेल्या केंद्रांवरून जाळीवर आकडे उतरवताना सायपाय या पायथनमधल्या शास्त्रीय गणनाच्या साधनातले रेषीय अंतर्वेशन (मधल्या जागांचे आकडे अंदाजाने भरणे) केंद्रांच्या बाह्यसीमेपलीकडे नॅन देते, तर ‘जवळचा बिंदू’ ही पद्धत दिसेल तिथपर्यंत आकडे भरत जाते. चित्रात भगदाडे नकोत म्हणून दुसरी पद्धत निवडली जाते आणि मग शिरोळच्या सपाटीवरचा वारा गगनबावड्याच्या घाटमाथ्यावर वाहू लागतो. सह्याद्रीचा कडा मध्ये असताना असे करणे मला मान्य नाही. भगदाड दिसले तर दिसू द्यावे.

शब्दशः रिकामा डेटा, म्हणजे ज्यात एकही ओळ नाही असा ॲरे, हा या सगळ्यांत सरळ प्रकार आहे आणि तरी तो अडवतो. त्याचे माझ्या पाहण्यातले नेहमीचे कारण अक्षांशांचा क्रम हे आहे. ईआरए5 या पुनर्विश्लेषणाच्या (जुन्या नोंदी आणि प्रतिमान जुळवून तयार केलेल्या हवामानाच्या) संचात अक्षांश उत्तरेकडून दक्षिणेकडे, म्हणजे उतरत्या क्रमाने असतात. एक्सअ‍ॅरेमध्ये, म्हणजे अशा संचांतून हवा तो भाग निवडून देणाऱ्या पायथनच्या साधनात, 16 ते 18 अक्षांश असा चढता पट्टा मागितला, तर त्रुटी येत नाही; शून्य लांबीचा संच येतो. 18 ते 16 असा मागितला की कोल्हापूर सापडते. पुढे त्या शून्य लांबीच्या संचाचा कमाल आकडा काढायला गेल्यावर नमपाय त्रुटी देते, पण ती त्रुटी रेखाटनाच्या ओळीत दिसते आणि चूक तिच्या कितीतरी वर, निवडीच्या ओळीत असते. दुसरे कारण भूगोलाचे आहे. भारताच्या, आता बंद झालेल्या, स्कॅटसॅट-1 सारख्या उपग्रहांवरील स्कॅटेरोमीटर हे रडार-उपकरण समुद्रपृष्ठावरचा वारा मोजते. कोल्हापूर किनाऱ्यापासून सरळ रेषेत शंभर किलोमीटरच्याही आत आहे, तरी शहराभोवतीचा लहान चौकोन निवडला तर त्यातला प्रत्येक बिंदू झाकलेला मिळणारच. पहिल्या प्रसंगी आपली मागणी चुकली आणि दुसऱ्या प्रसंगी मागणी बरोबर असून उत्तरच रिकामे आहे. रेखाटनाच्या फंक्शनला मात्र हे दोन्ही सारखेच दिसतात.

म्हणून तपासणीची जागा रेखाटनाच्या आत नसून त्याच्या दाराशी असावी, असे माझे मत आहे. संच शून्य लांबीचा असेल, तर मी तिथेच त्रुटी देऊन थांबते आणि संदेशात मागितलेला पट्टा व उपलब्ध पट्टा दोन्ही छापते, कारण हा जवळजवळ नेहमी निवडीचा दोष असतो. लांबी आहे पण एकही वैध सदिश नाही, तर थांबत नाही; अक्ष, किनारपट्टी, नदी, तालुक्यांच्या सीमा असे सगळे नेहमीप्रमाणे काढून मधोमध ‘या वेळेची नोंद उपलब्ध नाही’ किंवा ‘क्षेत्र कोरडे’ असे कारणानुसार लिहिते. रात्री आपोआप चालणाऱ्या कामात शंभरांतले एक चित्र रिकामे निघाले म्हणून उरलेली नव्याण्णव अडवून धरण्यात शहाणपण नाही. इशारे सरसकट दडपून टाकणारी ओळ मात्र माझ्या कोणत्याही फाइलमध्ये नसते. गटाच्या सरासरीत अपेक्षित असलेला इशारा तेवढ्याच ओळीपुरता शांत करता येतो, बाकीचे ऐकू आले पाहिजेत.

चाचणीसाठी खऱ्या पुराचा डेटा लागत नाही. पाच गुणिले पाचची जाळी पुरते: एक सगळी नॅनची, एक सगळी शून्याची, एक अशी की जिच्यात एकच वैध सदिश आहे, एक अशी की जिच्यात एका बिंदूचा फक्त एक घटक गहाळ आहे, आणि एक शून्य लांबीची. एकच वैध सदिश असलेली जाळी बहुतेकांना सुचत नाही, पण रंगांचा किमान आणि कमाल पल्ला एकाच आकड्यावर आल्यावर काय होते ते तिच्यातच कळते. या पाचही जाळ्या चलच्चित्राच्या पहिल्या चित्राच्या जागी ठेवून, दुसऱ्या चित्रात भरलेली जाळी देऊन पाहावी. मोजपट्टी बांधलेली नसेल तर तिथेच उघडे पडते.

शेवटी नकाशावरच्या खुणा. कोरड्या जमिनीला मी फिकट मातकट रंग देते, नोंद नसलेल्या भागाला तिरप्या रेघा, आणि पाणी उभे असेल तिथे निळ्यावर ठिपका ठेवते. पांढरा रंग कशालाच देत नाही. सूचीत या तिन्ही खुणा बाणांच्या किल्लीच्या वर येतात, कारण पूर पाहणाऱ्या माणसाला प्रवाह सेकंदाला किती मीटर आहे याच्या आधी आपल्या गल्लीत पाणी आहे की नाही, हे हवे असते.